तुमचं पत्र, माझं उत्तर: वारीत माऊली आणि घरात ‘अगं ए’

मागच्या अंकात लिहिलं होतं की या वेळी घरातलं बोलणं आणि घरातले आभार यावर पत्रं पाठवा. मला वाटलं चार-दोन येतील, पण भरपूर आली, आणि बहुतेकांनी देवाबद्दल कमी आणि जेवणाच्या ताटाबद्दल जास्त लिहिलंय, मला तर ते बरंच वाटलं. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. काही पत्रं फारच लांब होती ती कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न (गृहिणी, बार्शी): ताई, आमचे मालक दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पायी जातात. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकवत नाहीत, हरिपाठ तोंडपाठ. वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडतात, नातवाच्या वयाच्या पोराला पण माऊली म्हणतात. आणि घरी आले की ‘अगं ए, चहा कुठंय’. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठतात. सून बघते, नातू बघतो. मी काही बोलले की म्हणतात, तुला परमार्थातलं काय कळतंय. मी गप्पच बसावं का?

उत्तर: नाही, गप्प बसू नका, हे आधीच सांगून टाकते, बाकीचं मग बोलू.

तुमचे मालक ढोंगी आहेत असं मला वाटत नाही हं. वारीत ते खरंच वाकत असणार, मनापासून. पण वारीत वाकणं तसं सोपं असतं कारण तिथं सगळेच वाकतात, समोरचा तुमच्या पायाशी येतो म्हणून तुम्ही त्याच्या पायाशी जाता, आणि तिथं कुणी भाकरी-पिठलं वाढलं की हात आपोआप जोडले जातात कारण ते वाढणारं माणूस आपलं काही लागत नसतं. घरी वाढणारी बायको असते, म्हणजे ती तिची ड्युटी, असा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो आणि तो हिशेब माळ घातल्याने आपोआप पुसला जात नाही, तो बसून पुसावा लागतो.

आता ‘तुला परमार्थातलं काय कळतंय’ याचं. त्यांना विचारा, जनाबाई कोण होती? नामदेवांच्या घरी राबणारी बाई. दळताना कांडताना अभंग म्हणणारी. आणि तिच्या जात्याला हात लावायला कोण आलं असं वारकरीच सांगतात? विठोबा. म्हणजे ज्या देवासाठी हे एवढं पायी चालत जातात तो देव दळायला बसला, शेणी वेचायला गेला, आणि भक्ताला साधं मीठ हातानं घेऊन भाजीत टाकता येत नाही! हे भांडणाच्या सुरात नका सांगू, पण सांगा.

आणि आता मुख्य. वारीत माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची एक गोष्ट आहे जी रिंगणासारखी टीव्हीवर फारशी दिसत नाही, ती म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी होणारी समाजआरती. तुमच्या मालकांना पूर्ण माहिती असणार, तुमच्यासाठी आणि बाकी वाचकांसाठी लिहिते. पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि एवढा मोठा समाज एकदम शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही, ती टाळ वाजवतच राहते. सगळं शांत आणि एकाच कोपऱ्यातून टाळ, म्हणजे कुणाचं काय दुखतंय ते लगेच कळतं. चोपदार तिथं जातात, तक्रार ऐकून घेतात, काहीतरी तोड काढतात, तेव्हा कुठं ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर आरती. तक्रार आधी, आरती नंतर! हा क्रम मला फार आवडतो.

तर तुमच्या घरी पण असं करा. ताट सरकवलं त्या क्षणी काही बोलू नका, तेव्हा दोघांचाही जीव भांड्यात नसतो. संध्याकाळी हरिपाठ झाला की, मन जरा थाऱ्यावर असतं तेव्हा, त्यांना सांगा की आज माझे टाळ वाजतायत, ऐकून घ्या. ते हसतील, पण त्यांना नेमकं कळेल कारण ही भाषा त्यांची आहे. आणि मग एकच गोष्ट सांगा, आजची. ‘दुपारी नातवासमोर ताट सरकवलंत, मला फार लागलं.’ बस. लग्नात तुमच्या आईनं काय केलं होतं तिथपर्यंत जाऊ नका, दिंडीवाला पण त्या दिवशीचंच बोलतो, पाणी मिळालं नाही किंवा जागा मिळाली नाही असं, पाच वर्षांपूर्वीची वारी काढत नाही. पहिल्यांदा ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. टाळ थांबवायचे नाहीत, एवढंच.

जाता जाता एक विचारू का, सुनेला तुम्ही स्वतः कशी हाक मारता? पत्रात तिचं नाव एकदाही आलं नाही म्हणून विचारलं.

प्रश्न (निवृत्त अधिकारी, सातारा): मी स्पष्टवक्ता माणूस आहे. जे खरं आहे ते तोंडावर बोलतो. मुलं, सुना, शेजारी सगळे म्हणतात तुमचं बोलणं टोचतं. अहो पण संतांनी तरी कुठं गोड गोड बोलून लोकांना सुधारलं? तुकोबांनी कुणाला सोडलंय का? ‘नाठाळाचे माथी हाणू काठी’ हे कुणाचं आहे?

उत्तर: तुकोबांचंच आहे साहेब. पण तो अभंग सुरू कुठून होतो? ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास, कठीण वज्रास भेदूं ऐसे’ इथून. आधी मेण, मग वज्र. आणि काठीच्या आधी पण ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ आहे, म्हणजे चांगल्या माणसाला अंगावरचं शेवटचं वस्त्र काढून देण्याची तयारी. महाराष्ट्रात काठी सगळ्यांना पाठ आहे, लंगोटी द्यायची वेळ आली की पुढचं आठवत नाही.

आणि तुकोबा कडक कुणाशी बोलले ते बघा की. भोंदू बुवा, ज्ञानाचा ताठा मिरवणारे पंडित, आणि सगळ्यात जास्त स्वतःशी. स्वतःचे दोष इतके उघडे करून मांडणारा माणूस दुसऱ्याला चार शब्द कडक बोलला तर ते ऐकलं जातं. तुम्ही सुनेला पोळी जाड झाली म्हणून जे ऐकवता (तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे हे, मी ते छापलं नाही) त्यात समाजसुधारणा नेमकी कुठली?

गीतेच्या 17 व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय त्यात सत्य आहेच, पण एकटं नाही. समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं, असं सगळं एकत्र. खरं बोलणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम असावं असं मला वाटतं, कारण ते आपल्याला आतून सुख देतं, बाकीची तीन समोरच्यासाठी आहेत. आणि रामदासांनी दासबोधात तर फारच रोखठोक विचारलंय, तुमच्यासारख्याच स्पष्टवक्त्या भाषेत: ‘कठीण शब्दें वाईट वाटतें, हें तों प्रत्ययास येतें, तरी मग वाईट बोलावें तें, काय निमित्य’. आपल्याला कुणी लागेल असं बोललं की काय होतं हे माहिती आहे ना, मग दुसऱ्याला कशासाठी बोलायचं? त्याच समासात पुढं म्हणतात की स्वतःला चिमटा घेतला तर जीव कासावीस होतो, त्यावरून दुसऱ्याला राखत जावं.

एक करून बघा. खरं बोलायचंच आहे तर घरातली चांगली खरी गोष्ट पण तोंडावर बोला. सुनेनं औषधाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ डबीत लावून ठेवल्या हे खरं आहे ना, ते का नाही बोलत स्पष्ट? फक्त दोषच खरे असतात असं थोडंच आहे.

प्रश्न (पुण्यातली आयटीवाली मुलगी): मी फोनवर एक अ‍ॅप घेतलंय, त्यात रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं. सुरुवातीला भारी वाटायचं, आता नुसतं ‘फॅमिली, हेल्थ, जॉब’ असं लिहून झोपते. आणि आईचा फोन आला की चिडचिड तशीच. मग उपयोग काय?

उत्तर: रोज तेच तीन शब्द लिहिलेस तर ती हजेरी झाली गं, आभार कुठले. या विषयावर अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलफ या दोघांचा 2003 साली आलेला अभ्यास बराच गाजला, त्यात एका गटानं चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि एका गटानं कटकटी, आणि पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. पण त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते, दहा आठवडे. म्हणजे रोज लिहिलंच पाहिजे असं काही नाही, आठवड्यातून एकदा लिही पण नीट लिही. ‘फॅमिली’ नको लिहूस. ‘आईनं मेतकूट पाठवलं आणि डब्यावर टेप लावून तारीख टाकली’ असं लिही. आणि मग जे लिहिलंस ते अ‍ॅपला सांगून काय होणार, ते आईला सांग ना! तिला कुठं माहितीये तू रोज रात्री तिचं नाव टाइप करतेस ते. चिडचिड लगेच जाणार नाही, ती बहुतेक ऑफिसची आहे आणि आईवर निघतेय, पण फोनची सुरुवात तरी ‘हं बोल पटकन’नं होणार नाही.

प्रश्न (आजी, नाशिक, मुलगा न्यू जर्सीत): नातू आठ वर्षांचा आहे. मी तिकडं गेले की प्रत्येक गोष्टीला थँक्यू आजी. पाणी दिलं थँक्यू, वरणभात कालवून दिला थँक्यू. मला मेलीला कसंतरीच होतं, हॉटेलात काम करत असल्यासारखं. मुलगा म्हणतो आई तो मॅनर्स शिकतोय. मी चुकतेय का?

उत्तर: आजी, कुणीच चुकत नाहीये. आपल्याकडं घरातल्या माणसाला आभार म्हणणं म्हणजे हिशेब मिटवून टाकल्यासारखं वाटतं, आपण ते वागण्यातून फेडतो, कुणी बाळंतपण केलं तर त्याच्या आजारपणात जाऊन बसतो, तोंडानं काही बोलत नाही. त्या पोराला शाळेत दिवसभर तेच शिकवतात की न बोलणं म्हणजे उद्धटपणा. तो तुम्हाला परकं मानत नाहीये हो, त्याला येतं त्या भाषेत लाड करतोय. त्याला थांबवू नका. हवं तर तुमचं पण त्याला शिकवा, की आजीनं भरवलं की ताट उचलून सिंकमध्ये ठेवायचं, आजीला चष्मा सापडत नसला की शोधून द्यायचा. तो दोन्ही करेल, पोरांना जड जात नाही, आपल्यालाच जातं.

आणि एक मात्र खरं, आपली ही ‘बोलायची काय गरज’ वाली रीत बऱ्याच घरांत ‘लक्षात पण घ्यायची काय गरज’ इथपर्यंत गेलीये. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी भरवतो, त्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाही. दसऱ्याला कोयता, मशीन, गाडी, सगळ्याला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. आणि त्या पुरणपोळ्या करणारी त्या दिवशी सगळ्यात जास्त राबते, तिला सुट्टी कुणी दिलीये का कधी!

प्रश्न (शिक्षिका, ठाणे): मिस्टर इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. शांत झालेत हे मान्य. पण आता काहीही विषय काढला, मुलाची फी, सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन, की डोळे मिटून ‘मला रिअ‍ॅक्ट व्हायचं नाहीये’. आधी भांडायचे तरी. हे मौन आहे की अबोला?

उत्तर: नावात काय आहे, घरात सासूबाईंच्या डोळ्याची तारीख ठरत नाहीये हे महत्त्वाचं. इगतपुरीच्या त्या विपश्यना केंद्रात, धम्मगिरीला, जे आर्य मौन पाळायला लावतात ते शिबिरार्थींनी एकमेकांशी बोलायचं नाही असं असतं, पण तिथं पण अडचण आली तर आचार्यांशी आणि राहण्याजेवणाची गैरसोय असेल तर व्यवस्थापनाशी बोलता येतं. आणि दहाव्या दिवशी ते मौन सोडायला लावतात, मैत्रीची साधना शिकवतात आणि मग माणसं बोलायला लागतात, घरी जायच्या आधी मुद्दाम. म्हणजे शिबिरानं पण त्यांना बोलायला लावूनच घरी पाठवलंय.

बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा हे एक स्वतंत्र अंग आहे. खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड, या चार गोष्टी टाळायच्या. मुलाची फी या चारांत कुठं बसते ते मिस्टरांनाच विचारा. रिअ‍ॅक्ट व्हायचं नाही हे ठीकच आहे, चांगलंच आहे, पण उत्तर न देणं हे पण समोरच्यावर जाऊन आदळतंच की. तुम्ही एक करा, तुम्हाला जे ठरवायचंय ते कागदावर लिहून द्या, प्रश्न, तारीख, रक्कम. त्यांना ध्यान झाल्यावर हवा तेवढा वेळ घेऊ दे, पण त्याच दिवशी रात्रीपर्यंत उत्तर हवं असं ठरवून घ्या. वेळ मागणं चालेल, विषय उडवून लावणं चालणार नाही.

प्रश्न (नाव-गाव नको): वडील प्रत्येक भांडणात काढतात, तुझ्या शिक्षणासाठी जमीन विकली. आता मला एका मुलाशी लग्न करायचंय तर म्हणतात एवढं करून हे फळ. मला खरंच त्यांच्याबद्दल खूप आहे मनात. पण मी नाही म्हटलं तर कृतघ्न ठरते का?

उत्तर: नाही ठरत. आपल्या जुन्या शास्त्रात ऋणं सांगितलीयेत, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, आणि ती फेडायची रीत बघितलीस तर गंमत आहे. ऋषींचं ऋण शिकून फेडायचं. आईवडिलांचं ऋण पुढची पिढी वाढवून फेडायचं. म्हणजे घेतलं मागच्याकडून आणि द्यायचं पुढच्याला. ज्यानं दिलं त्याच्या प्रत्येक हुकमाला मान डोलावली की फिटतं असं ते लिहिणाऱ्यांनी पण म्हटलेलं नाही.

जमीन विकणं ही शेतकऱ्यासाठी केवढी गोष्ट असते ते मी सांगायला नको. ते त्यांना सांग, लग्नाचा विषय न काढता, एखाद्या साध्या दिवशी. कुठला तुकडा होता, त्यावर काय पिकायचं, विकल्यावर घरी आले तेव्हा त्यांना कसं वाटलं, हे विचारलंयस का कधी? बहुतेक वेळा ‘एवढं केलं’ हे माणूस पुन्हा पुन्हा म्हणतं कारण ते कुणी नीट ऐकूनच घेतलेलं नसतं. ऐकून घे. कदाचित त्यानं त्यांचा विरोध मावळणार पण नाही, तरी ऐक. आणि लग्नाचं उत्तर तुझं जे आहे तेच ठेव, आवाज न चढवता, दर वेळी त्याच शब्दांत. या दोन गोष्टींची गाठ मारू नकोस आणि त्यांनाही मारू देऊ नकोस.

प्रश्न (विदर्भातून, एका ओळीचं पत्र): नवरा शिव्या देतो, कधी हात उचलतो, मी गोड बोलत राहिले तर बदलेल का?

उत्तर: नाही बाई. हा तुमच्या बोलण्याचा प्रश्नच नाही. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात ते मार खाणाऱ्यासाठी नाही. महिला हेल्पलाइनचा नंबर 181 आहे, आत्ता लगेच धोका असेल तर 112. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात नुसत्या मारहाणीचं नाही तर शिवीगाळ आणि मानसिक छळाचं पण नाव घेतलंय, आणि तक्रार घ्यायला संरक्षण अधिकारी असतात. माहेरचं किंवा शेजारचं एक तरी माणूस असं ठेवा ज्याला हे सगळं माहिती आहे. आणि नवरा फोन बघत असेल तर नंबर त्यात ठेवू नका, तोंडपाठ करा.

प्रश्न (बाबा, कल्याण): आम्ही लहानपणी जेवायच्या आधी ‘वदनी कवळ घेता’ म्हणायचो. मुलांना सांगतो तर म्हणतात बाबा बोअर नका करू, कशाला म्हणायचं ते तरी सांगा. मला पण धड सांगता येत नाही. सक्ती करावी का?

उत्तर: सक्ती नको, तुम्ही म्हणा. एकटेच, रोज, मोठ्यानं. पोरं कान बंद करून थोडीच बसणारेत.

कशाला म्हणायचं ते त्या श्लोकातच शेवटी आहे की, ‘उदरभरण नोहे, जाणिजे यज्ञकर्म’. जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं नाही, यज्ञ आहे, म्हणजे पोटातल्या अग्नीत घास टाकतोय आणि तो घास कुणीतरी कुठूनतरी आणून दिलाय. यज्ञ शब्द मुलांना जड जाईल, मग खालून सुरुवात करा. ताटातली एक वस्तू उचलायची, कांदा म्हणा, आणि तो इथपर्यंत कसा आला ते मागं मागं जात सांगायचं. आपल्या भाजीवाल्या मावशी, त्यांच्या आधी वाशीचं मार्केट, त्याच्या आधी टेम्पो, त्याच्या आधी लासलगाव, त्याच्या आधी कुणाचं तरी शेत आणि वाकून वाकून रोपं लावणाऱ्या बायका. आमच्या ओळखीच्या एका घरात हा खेळच झालाय, मुलं आता मिठाच्या मागं लागलीयेत की मिठागर बघायला न्या म्हणून. असं महिनाभर झालं की श्लोक म्हणा किंवा नका म्हणू, ताटात टाकणं आपोआप कमी होतं.

आणि स्वयंपाक ज्यानं केलाय त्यानं बसल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही, हा नियम श्लोकाच्या पण आधीचा समजा. पोळ्या गरम हव्यात म्हणून आई शेवटपर्यंत तव्यापाशी उभी आणि बाकीचे यज्ञकर्म करतायत, असं नको. डब्यातली पोळी जरा गार खाल्ली तर काही बिघडत नाही. आणि टीव्ही बंद ठेवायचा, बातम्यांच्या वेळी सुद्धा, म्हणजे तुमचा पण.